गुडघा, डिकी आणि चार लाख

प्रश्न : नमस्कार. मी सिंहगड रोडला आनंदनगरमध्ये राहते, नोकरी हिंजवडी फेज दोनला. आठवड्यातून चार दिवस ऑफिस, जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर, आणि त्यात रोजचे तीन तास जातात. सध्या २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, क्लचवाली. डावा गुडघा बोलायला लागलाय. शिवाय हल्ली तिचं ॲव्हरेजही उतरलंय. होंडा सिटीची हायब्रिड (पेट्रोल इंजिनाला वीज मोटरची जोड असलेली) चालवून बघितली आणि खरं सांगते, उतरावंसंच वाटेना. पण ऑन-रोड भाव २३ लाखांच्या घरात सांगितला. त्याच सिटीची पेट्रोल ऑटोमॅटिक १९ च्या आत बसते. आमच्या हातात १५ लाख आहेत, वरचं कर्ज. सेल्समन म्हणाला, "मॅडम, पेट्रोलमध्येच पैसे वसूल." सासरे म्हणतात, सीएनजी घ्या आणि शांत झोपा. नवरा म्हणतो, बॅटरी गेली की लाखोंचा खड्डा. ऑफिसातल्या एकाची जुनी सियाझ विकायची आहे, तिच्या मागे 'स्मार्ट हायब्रिड' लिहिलंय. मग तीच का घेऊ नये? सोसायटीत चार्जिंगला कमिटी परवानगी देत नाही, म्हणून इलेक्ट्रिक बाद. दीड-दोन महिन्यांतून एकदा सांगलीला माहेरी जाणं होतं. गाडी आम्ही दहा-बारा वर्षं वापरतो. आणि हो, २०२४ च्या जुलैत आमच्या शेजारच्या एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हापासून पार्किंगची धास्ती आहे. हायब्रिड घेऊ का? पाडव्याला घरी यावी अशी सगळ्यांची इच्छा आहे.
— आनंदनगरची एक वाचक

उत्तर : नमस्कार. पत्र नेमकं लिहिलंत. किलोमीटर, दिवस, हातातले पैसे, सगळं दिलंत, त्यामुळे मोघम बोलायची सोय उरली नाही. बहुतेक पत्रांत "चांगलं ॲव्हरेज देणारी गाडी सुचवा" एवढंच असतं.

आधी गुडघा बाजूला काढू, कारण तो हिशेबात उगाच घुसतोय. तुमचा गुडघा क्लचमुळे दुखतो, पेट्रोलमुळे नाही. वडगाव पुलापासून चांदणी चौकापर्यंत आणि पुढे भूमकर चौकात हाफ क्लचवर गाडी रांगवायची, हे बारा वर्षं केल्यावर कोणाचाही गुडघा बोलेल. पण त्यावर कुठलीही ऑटोमॅटिक हे औषध आहे. १९ लाखांतली सिटीही तुमचा डावा पाय मोकळा करते आणि ११ लाखांतली ऑटोमॅटिक डिझायरही. टेस्ट ड्राइव्हला तुम्हाला जे सुख लागलं, त्यातला मोठा वाटा क्लच नसण्याचा होता. हायब्रिडचा वाटा त्यावरचा. चार लाख जास्त द्यायचे ते या वरच्या वाट्यासाठी.

सियाझचं चटकन संपवतो. मारुतीचं 'स्मार्ट हायब्रिड' म्हणजे स्टार्टर आणि जनरेटर यांचं काम करणारं एक यंत्र पट्ट्याने इंजिनाला जोडलेलं असतं. सिग्नलला इंजिन बंद करायचं, सुरू करताना थोडा हात द्यायचा, ब्रेक लावताना थोडी वीज साठवायची. चाकं केवळ विजेवर फिरतात असा क्षण त्या गाडीच्या आयुष्यात येत नाही. सियाझ प्रशस्त आहे, मागे सासरे आरामात बसतील, इंजिन गरीब आणि भरवशाचं आहे. २०२५ मध्ये ती बंद झाल्यामुळे भावही करता येईल. चांगली जुनी सेडान म्हणून जरूर बघा. हायब्रिड म्हणून एक रुपयाही जास्त देऊ नका. आणि ऑफिसातली ती गाडी क्लचवाली असेल तर तुमच्यासाठी विषयच संपला.

तुम्ही चालवलेली सिटी वेगळ्या जातीची. २०२२ च्या मे महिन्यात ती आपल्याकडे आली. दीड लिटरचं पेट्रोल इंजिन आहे, पण शहरात ते बहुतेक वेळ चाकांना जोडलेलंच नसतं. ते जनरेटर फिरवतं, जनरेटर वीज करतो आणि चाकं मोटर ओढते. हायवेवर एका लयीत जाताना मात्र एक क्लच आपोआप जुळतो आणि इंजिन थेट चाकांना ताकद देतं, कारण तिथे तेच स्वस्त पडतं. नेहमीचा गिअरबॉक्स नाही. ब्रेक लावला की मोटर उलटं काम करून वीज बॅटरीत टाकते; साध्या गाडीत हीच ताकद ब्रेक पॅड तापवून हवेत जाते. एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, म्हणून इंजिन बंद असतानाही गारवा टिकतो. एसी लावून उभ्या असलेल्या दीड लिटरच्या साध्या गाडीला तासाला पाऊण ते एक लिटर पेट्रोल लागतं, तेही एक इंच पुढे न सरकता. तुमचे रोजचे तीन तास आठवा.

आता ॲव्हरेजचे आकडे. शोरूममध्ये हायब्रिडचा २७ च्या पुढचा आणि पेट्रोल ऑटोमॅटिकचा १८.४ चा आकडा दाखवला असेल. हे आकडे ज्या एआरएआयच्या नावाने सांगतात, ती १९६६ साली सुरू झालेली, गाड्यांच्या चाचण्या घेणारी संस्था आपल्याच वेताळ टेकडीवर आहे. सकाळी टेकडीवर फिरायला जाणारे तिच्या कुंपणाजवळून जातात. पण तिचा आकडा टेकडीखालच्या कर्वे रोडवर काढलेला नसतो. गाडी रोलरवर चढवतात, ठरलेला वेग-थांब्याचा आराखडा वीसेक मिनिटं चालवतात, कमाल वेग ताशी ९०, एसी बंद. सगळ्या गाड्यांना एकच पेपर, त्यामुळे तुलनेला बरा. मिळणारं ॲव्हरेज म्हणून धरायला नाही.

या पेपरात हायब्रिडवर थोडा अन्यायच होतो. कागदावर ती पेट्रोलपेक्षा दीडपट बरी दिसते. पुण्याच्या गर्दीत पेट्रोल ऑटोमॅटिक सिटी ११ पर्यंत घसरते, हायब्रिड २० च्या आसपास टिकते. म्हणजे फरक जवळजवळ पावणेदोन-दोनपट. उलट सांगलीच्या वाटेवर, सातारा सोडल्यावर, पेट्रोल १७ देईल आणि हायब्रिड २२. तिथे फरक आक्रसतो. मोकळ्या रस्त्यावर ब्रेकच लागत नाही, मग वाचवायचं काय? खंबाटकी चढताना तर बॅटरी लवकर रिकामी होते आणि इंजिन ओरडायला लागतं. टेस्ट ड्राइव्हला ही बाजू कोणी दाखवत नाही.

तुमचं वर्षाचं चालणं मी असं धरतो : शहरात ११ हजार किलोमीटर, सांगलीकडे ३ हजार. पेट्रोल लिटरला १०५ रुपये. पेट्रोल ऑटोमॅटिक सिटीला वर्षाला साधारण ११७५ लिटर लागतील, हायब्रिडला ६८५. वाचले ४९० लिटर, म्हणजे ५१ हजार रुपये. महिन्याला सव्वाचार हजार.

वाईट नाही. पण चार लाखांना ५१ हजारांनी भागा : आठ वर्षं. तेही ते चार लाख तुमच्या खिशात असतील तर. तुमच्याकडे ते नाहीत. १५ लाख दोन्ही गाड्यांना सारखेच लागणार, म्हणजे हायब्रिडचे वरचे चार लाख पूर्ण कर्जाचे. नऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतलेत तर त्या चार लाखांचाच हप्ता महिन्याला ६४०० च्या वर जातो आणि एकूण परतफेड ५ लाख ४० हजार होते. बचत सव्वाचार हजार, हप्ता ६४००. "पेट्रोलमध्येच पैसे वसूल" हे सेल्समनचं वाक्य साडेदहा वर्षांनी खरं होईल. तो तोवर त्या शोरूममध्ये नसेल.

आता हाच हिशेब दुसऱ्या बाजूने वाचा, म्हणजे निर्णय तुमच्या हातात येईल. सात वर्षं महिन्याला बावीसशे रुपये वरून भरायचे, त्या बदल्यात रोजचे तीन तास शांत, धक्के न बसणाऱ्या गाडीत काढायचे. आठव्या वर्षापासून हप्ता संपतो आणि सव्वाचार हजार दरमहा तुमच्या खिशात राहायला लागतात. गाडी दहा-बारा वर्षं वापरणाऱ्या घराला हे परवडतं. पाच वर्षांनी गाडी बदलणाऱ्याने हायब्रिडच्या वाटेला जाऊ नये, पण तुम्ही त्यातल्या नाही. बावीसशे रुपये त्या शांततेचे आहेत असं समजून, डोळे उघडे ठेवून दिलेत तर माझी हरकत नाही. बचत म्हणून दिलेत तर आहे.

यातला एकच धागा कच्चा आहे, तो तुमच्या ऑफिसचा. चारचे दोन दिवस झाले तर शहरातलं चालणं निम्म्याच्या जवळ येतं आणि बचतही. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रोने तुम्ही जायला लागलात तरी तेच. आनंदनगरहून ती सरळ पडत नाही, पण सहकारी जायला लागले की माणूस विचार करतो. हप्ता मात्र तुमचे ऑफिसचे दिवस मोजत नाही. कंपनीत वर्षभरात काय शिजतंय याचा अंदाज तुम्हाला माझ्यापेक्षा बरा असेल.

सासऱ्यांचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. पैसे वाचवणं हाच एकमेव हेतू असता तर मी तुम्हाला सिटीच्या दारातही जाऊ दिलं नसतं. ऑटोमॅटिक डिझायर गर्दीत १५, हायवेला २० देते असं धरा. वर्षाला ८८० लिटर. हायब्रिडशी फरक फक्त वीस हजार रुपयांचा, आणि गाडीच्या किमतीतला फरक बारा लाखांचा! वर्षाला वीस हजार वाचवायला बारा लाख घालणाऱ्याला आपल्याकडे काय म्हणतात ते लिहीत नाही. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या लहान इंजिनाच्या गाड्या १८ टक्के जीएसटीत गेल्या, आणि सिटीच्या पेट्रोल व हायब्रिड अशा दोन्ही गाड्या ४० टक्क्यांत. पूर्वी पेट्रोलवर ४५ आणि हायब्रिडवर ४३ होते. तेवढी दोन टक्क्यांची दयाही गेली. इलेक्ट्रिकला ५ टक्के. निम्मं पेट्रोल वाचवणाऱ्या गाडीला आणि ते जाळणाऱ्या गाडीला एकाच कराच्या रांगेत उभं करण्यामागचा विचार मला अजून कळलेला नाही. उत्तर प्रदेशाने २०२४ मध्ये अशा हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला होता. महाराष्ट्रात तुम्ही पेट्रोल गाडीचाच रोड टॅक्स भरता : दहा ते वीस लाखांच्या गाडीला १२ टक्के, वीसच्या वर १३. म्हणून शोरूम किंमत वीसच्या कोणत्या बाजूला पडते ते कोटेशनमध्ये बघा. त्यात एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ घेतलेला प्राप्तिकर, तोही दिसेल; तो खर्चात धरू नका, प्राप्तिकर विवरणपत्रात परत मागता येतो. बरेच जण विसरतात.

सीएनजीत ऑटोमॅटिक सेडान हवी असेल तर टाटाने २०२४ मध्ये टिगोर आणली. दोन लहान टाक्या डिकीच्या तळाशी असल्यामुळे सामानाला जागा उरते. रनिंग खर्चात ती सिटी हायब्रिडला हरवते. तुम्हाला ती आवडेल का? मला शंका आहे. गिअर बदलताना मान हलते, आणि रोज पन्नास किलोमीटर चालणाऱ्या गाडीला पंपावरच्या रांगेत दर चार-पाच दिवसांनी उभं राहावं लागेल. ती रांग सासरे लावणार असतील तर मात्र त्यांच्या मताला वजन आहे.

नवऱ्याच्या बॅटरीच्या भीतीबद्दल. ते इलेक्ट्रिक गाडीची भीती हायब्रिडला लावताहेत. इलेक्ट्रिक गाडीत तीस-चाळीस युनिटांची बॅटरी असते. या सिटीत जेमतेम एका युनिटाच्या आसपासची. ती इंधनाची टाकी म्हणून नसते. गल्ल्यासारखी वापरतात, आत्ता टाकले, चौकापुढे काढले. शिवाय गाडीचा संगणक तिला कधी पूर्ण भरू देत नाही, कधी पूर्ण रिकामी होऊ देत नाही, म्हणून ती टिकते. टोयोटाची प्रियस जपानमध्ये १९९७ च्या डिसेंबरात विकायला आली; म्हणजे हे तंत्र आता कोवळं राहिलेलं नाही. होंडा या बॅटरीला आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी देते. तुमच्या चालण्याने आठ वर्षं आधी भरतील, किलोमीटर सव्वा लाखाच्या आत राहतील. तुम्ही गाडी बारा वर्षं वापरणार, तेव्हा शेवटची चार वर्षं वॉरंटीबाहेरची. त्यासाठी आजच सर्व्हिस सेंटरला नव्या बॅटरीचा लेखी भाव मागा. तोंडी आकड्याला अर्थ नाही. नवऱ्याला तो कागद दाखवा. घरातले वाद कागदाने लवकर मिटतात.

बॅटरीपेक्षा मला तुमच्या पार्किंगची जास्त काळजी वाटते. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्याचं पाणी सोडल्यावर एकतानगरीत काय झालं ते तुम्ही गच्चीवरून बघितलं असेल. हायब्रिडमध्ये विजेच्या जास्त दाबाची बॅटरी मागे, डिकीच्या तळाशी असते. पाणी साध्या गाडीच्याही जिवावर उठतं, पण इथे नुकसानीचा आकडा मोठा. म्हणून विमा घेताना शून्य घसारा (दाव्यात सुट्या भागांचा घसारा न कापणं) आणि इंजिन प्रोटेक्टवर थांबू नका. हायब्रिड बॅटरीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं का, आणि उभ्या गाडीत पाणी शिरलं तर दावा कोणत्या कलमात बसतो, हे ईमेलवर विचारून घ्या. तळघरातली जागा असेल तर पावसाळ्यापुरती वरची जागा कोणाशी अदलाबदल करता येते का, हे कमिटीला आत्ताच विचारा. चार्जिंगला नाही म्हणाले, यावर तरी हो म्हणतील. आणि पाणी शिरलंच, तर गाडी सुरू करून बघायची नाही. नारिंगी रंगाच्या जाड वायरी दिसल्या की कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनलाही लांब ठेवा. त्या जीवघेण्या दाबाच्या असतात.

डिकीबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत, म्हणून मीच विचारतो. माहेरहून रिकामी येता का? सांगलीची हळद, शाळूचं पोतं, आईने दिलेल्या बरण्या, सासऱ्यांची बॅग? पेट्रोल सिटीची डिकी ५०६ लिटरची आहे, हायब्रिडची ३०६. दोनशे लिटर बॅटरीने खाल्ले. टेस्ट ड्राइव्हला रिकाम्या हाताने जातो, म्हणून हे घरी आल्यावर कळतं. शोरूममध्ये डिकी उघडायला लावा, स्टेपनी कुठे आहे ते बघा, आणि घरातली सगळ्यात मोठी बॅग नेऊन प्रत्यक्ष ठेवून बघा. सेल्समन हसला तर हसू दे.

मागच्या सीटजवळ बॅटरीला गार ठेवणारी हवा खेचायची जाळी बऱ्याच हायब्रिडमध्ये असते. ती कुठे आहे ते दाखवायला सांगा आणि तिच्यावर पिशव्या रचू नका, धूळ साचू देऊ नका. आणखी एक : या गाडीत १२ व्होल्टची साधी बॅटरीही असते, आणि ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. मुलांकडे परदेशी सहा-सहा महिने जाणाऱ्या आजी-आजोबांना म्हणूनच मी हायब्रिड सांगत नाही. तुम्हाला ही अडचण येणार नाही. लांब सुटीला जाल तेव्हा शेजाऱ्याकडे किल्ली देऊन आठवड्याला अर्धा तास चालवायला सांगितलं की पुरे. त्याने उंदरांनाही कळतं की घर भाड्याने द्यायचं नाहीये.

तुमच्या जुन्या गाडीचं ॲव्हरेज उतरलंय, त्यात वयाचा भाग आहे आणि पंपावरच्या पेट्रोलचाही. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जाच कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या घडणीच्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के घट धरली होती, २० टक्क्यांसाठी जुळवलेल्या गाड्यांना १ ते २. नवी कुठलीही घेतलीत तरी त्यातला बराच त्रास कमी होईल.

मग काय करावं? मी तुमच्या जागी असतो तर शोरूमच्या आधी जुन्या गाड्यांच्या बाजारात ही हायब्रिड शोधली असती. २०२३ च्या मार्चमध्ये तिचं नवं रूप आलं; त्यानंतरची, एका मालकाची, अधिकृत सर्व्हिस सेंटरची सगळी बिलं असलेली. पहिल्या मालकाने घसाऱ्याचा मोठा घास गिळलेला असतो, आणि बॅटरीची आठ वर्षं अजून बरीचशी शिल्लक असतात. वॉरंटी तुमच्या नावावर चालते का, हे लेखी घ्या. हायब्रिडच्या भावाचा आपल्याकडे भरवसा नसतोच; २००८ मध्ये होंडाने आयात करून सिव्हिक हायब्रिड २१ लाखांच्या पुढे विकायला आणली आणि काही महिन्यांत किंमत जवळजवळ आठ लाखांनी उतरवली. आधी घेतलेल्यांचं काय झालं असेल! विकणाऱ्याला जे नडतं ते घेणाऱ्याच्या पथ्यावर पडतं. किंमत तुमच्या १५ लाखांत किंवा थोडी वर बसली तर कर्जाचा प्रश्नच मोडीत निघतो आणि माझं वरचं सगळं गणित तुमच्या बाजूने उलटतं.

फक्त पुण्यात जुनी गाडी घेताना पुराची गाडी गळ्यात पडू देऊ नका. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, टोकाला चिखलाची रेघ असते. डिकीतलं आवरण उचला, सीटच्या पट्ट्यांवरचा गंज बघा, विम्याच्या दाव्यांचा इतिहास मागा. आणि मोठ्या बॅटरीची तपासणी सर्व्हिस सेंटरमध्ये करून छापील रिपोर्ट घ्या. मालक तपासणीला का-कू करायला लागला की चहा पिऊन उठा.

तशी गाडी नाही मिळाली, तर नवी हायब्रिड की पेट्रोल ऑटोमॅटिक? ऑफिस चार दिवसांचं राहणार याची खात्री असेल आणि बावीसशे रुपये खटकत नसतील तर हायब्रिड. यातलं एक जरी डळमळीत असेल तर पेट्रोल सिटी घ्या, डिकीही मोठी मिळेल आणि कर्ज चार लाखांत आटोपेल. कर्ज घेतलंत तर मुदत सातऐवजी पाच वर्षांची करा. शोरूममधला माणूस हप्ता कमी दिसावा म्हणून सातचीच पुढे करतो.

निर्णयाआधी एकदा परत चालवा. या वेळी रविवारी सकाळी नको. कामाच्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला, भूमकर चौकातून. सासऱ्यांना मागे बसवा. सेडानचं सीट खाली असतं, त्यांना गुडघे धरून उठावं लागतंय का ते बघा. पुढे चांदणी चौकाच्या उतारावर स्टिअरिंगमागच्या पॅडलने गाडीचा वेग सावकाश कमी करून बघा, ब्रेकला पाय न लावता. आणि शेवटी ती तुमच्या सोसायटीच्या रॅम्पवरून चार माणसं बसवून खाली न्या. पोट घासलं तर तिथेच कळेल. समोर दुचाकी आडवी घुसली की गाडी आपणहून ब्रेक लावते, त्याने दचकायला होतं. ही सवय तुम्हाला होईल की ती सोय बंद करावीशी वाटेल, हेही त्याच दिवशी ठरेल.

पाडव्याचं म्हणाल तर मुहूर्ताला गाडी आणायला माझी ना नाही, पण मुहूर्ताची घाई सेल्समनला कळू देऊ नका. पाडव्याच्या आठवड्यात सूट आटते आणि गोदामात पडून असलेली गेल्या वर्षीची गाडी हार घालून पुढे केली जाते. पैसे भरण्याआधी चॅसी नंबरवरून बनावटीचा महिना आणि वर्ष काढून घ्या. गेल्या वर्षीची असेल तर तेवढी किंमत कमी करायला लावा. नाही म्हणाले तर पेढे आणा, गुढी उभारा, आणि गाडी पुढच्या महिन्यात घ्या.